चर ढासळल्यावर : वाचकांचे प्रश्न, प्रशिक्षकाची उत्तरे

जलवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी किंवा केबल टाकण्यासाठी खोदलेल्या चराची माती ढासळून कामगार अडकतात. अशा वेळी त्यांना सुखरूप बाहेर काढणाऱ्यांचे प्रशिक्षण कसे असावे, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. मी अनेक वर्षे बचावकर्मींना हाच विषय शिकवत आलो आहे आणि त्याच आधारावर ही उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी बचावपथकात नुकताच दाखल झालो आहे. चर आधार देऊन पक्का होईपर्यंत कोणीही आत उतरायचे नाही, असे आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावले जाते. पण खाली माणूस घुसमटत असताना वर फळ्या रचत बसणे मनाला पटत नाही. दोन मिनिटांत उकरून काढता येईल असा जीव आपण नियमापायी गमावणार नाही का?

आपल्याला होणारी तगमग योग्यच आहे, आणि प्रशिक्षणाने ती मारून टाकावी असे मला मुळीच वाटत नाही. मात्र ‘दोन मिनिटांत उकरून काढू’ हा हिशेब मातीच्या वजनापाशी चुकतो. एक घनमीटर माती साधारण दीड ते दोन टन भरते. चराच्या भिंतीचा दोन मीटर लांब, दीड मीटर उंच आणि एक मीटर जाड असा एकच तुकडा सुटला, तरी सुमारे पाच टन माती खाली येते, आणि तिला खाली यायला एक सेकंदही लागत नाही. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे नाक-तोंड मोकळे असले तरी त्याचा श्वास कोंडू लागतो, कारण श्वास सोडताना छाती जेवढी आत जाते तेवढी जागा माती लगेच व्यापते आणि पुढच्या श्वासाला छाती तितकी फुलत नाही. हे सारे वजन दोघा-तिघांच्या फावड्यांनी दोन मिनिटांत दूर होत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या ढासळण्याची आहे. एकदा माती पडून गेली म्हणजे धोका संपला, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात खालचा भाग निसटल्यामुळे वरचा काठ अधांतरी लोंबत असतो, समोरची भिंत त्याच मातीची, त्याच खोलीची आणि तितकाच वेळ उघडी राहिलेली असते, आणि आता काठावर धावत आलेल्या माणसांचे वजन व यंत्रांचे हादरे त्यात भर घालत असतात. ढासळण्याआधी पडणाऱ्या भेगा चराच्या काठाला समांतर असतात आणि बहुधा चराच्या खोलीच्या निम्म्या ते पाऊणपट अंतरावर उमटतात. म्हणजे चर दोन मीटर खोल असेल, तर भेग काठापासून एक ते दीड मीटरवर असते. जमलेली माणसे वाकून खाली पाहतात ती नेमकी याच पट्ट्यात उभी असतात.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. जो माणूस पूर्णपणे मातीखाली गेला आहे आणि ज्याच्या तोंडापाशी हवेची पोकळीही उरलेली नाही, त्याच्या हाती मोजकी मिनिटे असतात, आणि पथक बोलावून येईपर्यंत ती बहुतेक वेळा सरलेली असतात. हे लिहिताना जड वाटते, पण प्रशिक्षणार्थ्यापासून ते लपवून ठेवणे योग्य नाही. आपण ज्यांना खरोखर वाचवू शकतो ते बहुतांशी कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत अडकलेले, किंवा एखाद्या नळामुळे वा फळीमुळे थोडी हवा मिळत राहिलेले कामगार असतात. ते बोलत असतात, ते आपल्याकडे पाहत असतात, आणि त्यांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका दुसऱ्यांदा येणाऱ्या मातीचा असतो. घाईने उतरलेला बचावकर्मी ती माती आपल्या पावलांनी त्याच्याच अंगावर आणतो. म्हणून भिंतीला लावलेली पहिली फळी बचावकर्मीच्या आधी अडकलेल्या माणसाचे रक्षण करते. फळी लावणे म्हणजेच बचाव सुरू होणे, हे एकदा उमगले की वर थांबल्याची बोच कमी होते.

शिवाय या वेळात कोणी रिकामे बसलेले नसते. रस्त्यावरची वाहतूक आणि जवळची यंत्रे थांबवली जातात. हादरे पोहोचू नयेत म्हणून सुमारे 90 मीटरच्या टापूत वाहतूक बंद करण्याची पद्धत अनेक ठिकाणी शिकवली जाते. काठावर प्लायवूडच्या रुंद पाट्या पसरतात, म्हणजे माणसाचे वजन एका जागी न पडता विभागले जाते. काठाकडे जायचे ते नेहमी चराच्या टोकाकडून, बाजूने कधीही नाही. वायुमापकाची नळी आत सोडून ऑक्सिजन, ज्वलनशील वायू आणि विषारी वायू तपासतात, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर ती हवा श्वासासाठी धोक्याची धरतात. पंख्याने हवा आत सोडावी लागते, पण तिचा झोत सरळ मातीच्या भिंतीवर राहिला तर भिंत वाळून तिचे पापुद्रे सुटू लागतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. साचणारे पाणी पंपाने काढावे लागते. आणि या सगळ्यात एक जण अडकलेल्या माणसाशी सतत बोलत राहतो. हात मोकळे असतील तर त्याला दोरीने हेल्मेट आणि लहान फावडे सोडतात, म्हणजे तो स्वतःच छातीपुढची माती बाजूला करू लागतो.

प्रश्न : आमच्या अग्निशमन दलात हे प्रशिक्षण सुरू करण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. खरा चर खोदून सराव घ्यावा की वर्गातच शिकवावे? किती जणांना कुठपर्यंत शिकवावे?

सर्वांना सगळे शिकवण्याचा अट्टाहास करू नका. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकांत या कामाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत आणि मला ती विभागणी व्यवहार्य वाटते. पहिली पायरी धोका ओळखणाऱ्याची : तो जागा मोकळी करतो, योग्य पथकाला बोलावतो आणि इतरांना उतरू देत नाही. घटनास्थळी सर्वप्रथम पोहोचण्याची शक्यता असलेल्या प्रत्येकाला, रुग्णवाहिकेच्या चालकालासुद्धा, एवढे यायलाच हवे. दुसरी पायरी प्रत्यक्ष बचावाची, पण सरळ आणि सुमारे 2.4 मीटरपर्यंतच्या चरापुरती. त्याहून खोल किंवा दोन चर एकमेकांना छेदतात अशा ठिकाणचे काम तिसऱ्या पायरीवरच्या तज्ज्ञांचे. कोपऱ्यावरच्या भिंतीची माती दोन बाजूंनी उघडी असते आणि तिथे आडवा टेकू ठोकायला समोर भिंत मिळत नाही, म्हणून छेदणाऱ्या चरांसाठी वेगळे कसब लागते.

वर्ग आणि चर यांच्यामध्ये आणखी एक टप्पा ठेवा, असा माझा आग्रह आहे. जमिनीवर समोरासमोर लाकडी भिंती उभारून चराची प्रतिकृती करा. पाठीला उभी जाड तुळई जोडलेली 1.2 मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच प्लायवूडची पाटी दोरीने आत सोडणे, समोरासमोरच्या पाट्या जुळवणे, मधले आडवे टेकू वरूनच बसवणे, हे सारे तिथे पन्नास वेळा चुकू द्या. चूक झाली तर हातातून पाटी निसटेल, अंगावर माती येणार नाही. टेकू लाकडी असोत, स्क्रूजॅकचे, हवेच्या दाबाचे किंवा हायड्रॉलिक असोत, प्रत्येक प्रकार हाताळायला द्या, कारण प्रत्यक्ष घटनेत हाताशी काय असेल हे आधी सांगता येत नाही. टेकूंमध्ये उभे अंतर किती, हे पाठ असायलाच हवे : दोन टेकूंमध्ये साधारण 1.2 मीटरपेक्षा जास्त नाही, आणि वरचा टेकू काठापासून व खालचा टेकू तळापासून सुमारे 60 सेंटीमीटरच्या आत. पाटीमागे जिथे भिंत ढासळून पोकळी झाली असेल, ती हवेच्या पिशव्यांनी, लाकडांनी किंवा माती टाकून भरावी लागते. पोकळी तशीच राहिली तर टेकू कोणत्याही भिंतीला रेटत नसतो, तो नुसता दिसायला उभा असतो, आणि मागची माती सुटली की पाटीवर एकदम आदळते. नवखे हमखास विसरतात ते हेच, म्हणून मी परीक्षेत मुद्दाम पाटीमागे डोकावून पाहतो.

सरावासाठी खरा चर खोदाल तेव्हा तो सरावाचा आहे म्हणून त्याची माती सौम्य होत नाही, हे लक्षात ठेवा. जाणकार अभियंत्याने तो पाहिलेला असावा, दररोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर त्याची तपासणी व्हावी, चढण्या-उतरण्यासाठी शिड्या असाव्यात आणि सराव सुरू नसलेला भाग आधीच शोरिंग करून (म्हणजे पाट्या आणि टेकूंचा आधार देऊन) किंवा उतार देऊन सुरक्षित केलेला असावा. जिवंत माणसाला मातीत पुरून सराव करायचा नाही, गुडघ्यापर्यंतही नाही. वाळू भरलेला वजनदार पुतळा वापरा. ‘खरी जाणीव व्हावी’ म्हणून कोणी जवानाला उभे करतो म्हणाला तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा.

मातीची ओळख पुस्तकातून होत नाही. प्रत्येकाला ढेकूळ हातात घ्यायला लावा. अंगठा सहज आत घुसतो की ढेकळावर नुसता ठसा उमटतो, ओली माती वळून तिची सुतासारखी दोरी होते की ती मोडते, कोरडी ढेकळे चिमटीत भुगा होतात का, या साध्या परीक्षांनी मातीची पकड कळते. मात्र बचावाच्या वेळी निर्णय एकाच बाजूला झुकलेला असावा. जी माती एकदा ढासळली, किंवा जी पूर्वी खणून पुन्हा भरली गेली होती, तिला भक्कम मानायचेच नाही. शहरांतल्या बहुतेक चरांची माती जुन्या वाहिन्यांच्या कामांत आधीच उलटीपालटी झालेली असते, म्हणून मी माझ्या प्रशिक्षणार्थ्यांना ती सर्वांत कमकुवत गटातली समजूनच आधार बांधायला सांगतो.

शेवटी, सराव लांबवा. अशा बचावाला अनेक तास लागतात, आणि चुका बहुधा तिसऱ्या-चौथ्या तासाला होतात, जेव्हा हात दुखू लागतात आणि सगळे सुरळीत चालले आहे असे वाटू लागते. खाली माती काढणाऱ्यांची अदलाबदल दर 15-20 मिनिटांनी करण्याची सवय सरावातच लागली पाहिजे. सुरक्षा अधिकारी नेमा आणि त्याने ‘थांबा’ म्हटले की पथकप्रमुखासह सर्वांनी थांबायचे, याचा अचानक सराव घ्या. माणूस बाहेर आल्यावर आधार काढण्याचा भागही कधी वगळू नका. टेकू खालून वर काढत यायचे असते, आणि दमलेले पथक, मनावरचा उतरलेला ताण व परतीची ओढ अशा स्थितीत हे काम होत असल्याने ते मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते.

प्रश्न : मी खोदकामावर मुकादम आहे. अपघात झाला तर जेसीबी जागेवरच उभा असतो. त्याने माती भराभर ओढली किंवा अडकलेल्याच्या काखेत दोर घालून वर खेचले, तर वेळ वाचणार नाही का?

नाही, आणि ही दोन्ही कामे कोणालाही करू देऊ नका. मातीखाली माणूस नेमका कुठे आणि कसा आहे हे जेसीबीच्या चालकाला दिसत नाही. बकेटचे दात जी माती ओढतात तिच्यात त्याचा हात किंवा डोके असू शकते. शिवाय काठावर उभे असलेले यंत्र स्वतःच्या वजनाने आणि हादऱ्याने भिंत पाडू शकते. अपघात झाला की जेसीबीचे इंजिन बंद करा. यंत्र हलवायचे की नाही हे पथक येऊन ठरवील.

दोराचेही तसेच. मांडीपर्यंत रुतलेल्या पायांना माती सर्व बाजूंनी आवळून धरते, आणि ओली माती तर चिखलात रुतलेल्या बुटासारखी ओढ लावते. वरून जोर लावला की तो जोर मातीशी झगडण्याआधी सांधे आणि पाठीचा कणा यांवर येतो. माणूस हलत नाही, पण खांदा निखळतो. म्हणून त्याला पूर्ण उकरूनच काढावे लागते, तेही शेवटच्या टप्प्यात हातांनी, लहान फावड्यांनी आणि बादल्यांनी. काही पथकांकडे दाबाच्या हवेचा झोत सोडणारी नळी आणि माती शोषून घेणारी यंत्रणा असते. हवेचा झोत माती मोकळी करतो पण नळाला किंवा केबलला फावड्यासारखा घाव घालत नाही, आणि शोषक यंत्रणा ती माती थेट बाहेर नेते. आपल्या परिसरातील पथकाकडे ती आहे का, याची चौकशी काम सुरू करण्याआधीच करून ठेवा.

प्रश्न : कमरेइतक्याच खोल चरातही आधार लागतो का?

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत अखंड खडक वगळता 5 फूट, म्हणजे सुमारे 1.5 मीटर खोलीपासून आधार, उतार किंवा ट्रेंच बॉक्स (कामगाराभोवती चरात उतरवायची मजबूत भिंतींची तयार पेटी) यांपैकी काहीतरी सक्तीचे आहे, आणि त्याहून उथळ चरातही ढासळण्याची चिन्हे दिसली तर तेच करावे लागते. पण कामगार नळ जोडायला वाकतो किंवा उकिडवा बसतो, तेव्हा त्याचे डोके गुडघ्याच्या पातळीवर येते. कमरेइतका चर त्या क्षणी त्याच्या डोक्याहून उंच असतो, हे पाहून मी स्वतः तरी उथळ चरालाही सूट देत नाही.

प्रश्न : मी तातडीच्या विभागात परिचारिका आहे. तीन-चार तास मातीत अडकलेला आणि शुद्धीवर असलेला रुग्ण बाहेर काढताच अचानक खालावतो, असे ऐकले आहे. बचावपथकाला याचे प्रशिक्षण असते का?

असायलाच हवे, आणि आपल्यासारख्यांनी त्यात भाग घ्यायला हवा. पाय किंवा मांड्या बराच वेळ दाबल्या गेल्या की स्नायूंच्या पेशी मरू लागतात. दाब आहे तोवर त्यांतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूंमधले एक प्रथिन) बरेचसे तिथेच अडकून राहते. माती काढून दाब सुटला की ते एकदम रक्तात मिसळते. पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडतात आणि मायोग्लोबिनमुळे पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांखालून काढलेले काही जण आधी बरे दिसले आणि नंतर दगावले. एरिक बायवॉटर्स आणि डेझमंड बील यांनी त्यांचा अभ्यास 1941 साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून या अवस्थेकडे डॉक्टरांचे नीट लक्ष गेले.

चरातल्या बचावासाठी याचा अर्थ असा, की शेवटची माती काढण्याचा क्षण पथकप्रमुखाने एकट्याने ठरवायचा नाही. आधी डोके आणि छाती मोकळी करतात, ऑक्सिजन देतात, आणि हात मिळताच शिरेतून सलाइन सुरू करतात. यासाठी पोटॅशियम असलेला रिंगर लॅक्टेट टाळून साधे सलाइन वापरतात. हृदयाच्या ठोक्यांवर मॉनिटर लावून, औषधे तयार ठेवूनच पायांवरचा दाब सोडतात. यासाठी वैद्यकीय कर्मचाऱ्याला खाली उतरावे लागते, आणि तो आधार बांधल्यानंतर, हेल्मेट व हार्नेससह, सरावलेलाच उतरला पाहिजे. सरावात पुतळ्याच्या हाताला सलाइन लावून पाहा. एवढ्याशा जागेत गुडघे टेकायलाही जागा नसते आणि वरून माती घेतलेल्या बादल्या जात असतात, याचा अंदाज वॉर्डात येत नाही. खालची माती थंड असते, त्यामुळे रुग्णाच्या शरीराचे तापमान उन्हाळ्यातही उतरते, हेही मनात असू द्या.

प्रश्न : मी स्वतः चरात काम करतो. सोबत्यावर माती पडली आणि पथक यायला वेळ असेल, तर आम्ही काय करावे? नुसते पाहत राहणे होणार नाही.

पाहत राहायचे नाही, करण्यासारखे पुष्कळ आहे. चरात उरलेल्या सर्वांना टोकाच्या शिडीने लगेच वर घ्या आणि त्यांची मोजणी करा, कारण कितीतरी वेळा नेमके किती जण खाली होते हेच कोणाला ठाऊक नसते. मदतीला फोन करताना ‘चर ढासळून माणूस अडकला आहे’ असे स्पष्ट शब्द वापरा, नाहीतर साधे पथक येते आणि शोरिंगचे साहित्य आणायला पुन्हा निरोप द्यावा लागतो. चरात गॅसची, विजेची किंवा पाण्याची वाहिनी असेल तर ती बंद करण्यासाठी संबंधितांना कळवा. पाणी उपसणारा पंप आधीपासून चालू असेल तर तो चालूच ठेवा. काठावर कोणी उभे राहू देऊ नका. सोबती बोलू शकत असेल तर टोकाकडून, काठापासून दूर राहून त्याच्याशी त्याच्या नावाने बोलत राहा. काय चालले आहे ते त्याला सांगा, आणि ‘आत्ता काढतो’ असे खोटे वचन देऊ नका.

पथक आल्यावर आपल्याकडची माहिती कोणत्याही साधनाइतकीच मोलाची असते. तो शेवटचा कुठे दिसला, उभा होता की वाकलेला, तोंड कोणत्या दिशेला होते, हातात कोणते अवजार होते, नळ कुठून कुठे जातो, हे सांगायला एक जण ठरवा आणि त्याला पथकप्रमुखाजवळच थांबू द्या. वर पडलेले फावडे, टोपी किंवा पाण्याची बाटली उचलू नका, कारण तिच्या जागेवरून शोधाची सुरुवात ठरते. आणि तो दिसेनासा झाला त्या जागेच्या सरळ रेषेत, चरापासून सुरक्षित अंतरावर, जमिनीवर चुन्याने एक खूण करून ठेवा. घाबरलेल्या माणसाच्या आठवणीत ती जागा काही मिनिटांत सरकते, खूण मात्र सरकत नाही.